परदेशाची वळकटी

यंदा दसऱ्याला माझा धाकटा भाऊ बायकोमुलांसह पुण्याहून हिंगोलीला आला, तो नेहमीसारखा जत्रा पाहायला नव्हे, निरोप घ्यायला. त्याच्या कंपनीने त्याला हॉलंडला नेमले आहे. दिवाळी आटोपली की मार्गशीर्षात सारे बिऱ्हाड तिकडे जाणार. तीन वर्षांची बोली आहे. पण अशी तीन वर्षे किती लांबतात हे ज्यांच्या घरचे कोणी गेले आहे त्यांना सांगायला नको.

त्या दिवसापासून आमच्या ओसरीत दोन भल्यामोठ्या बॅगा उघड्या पडल्या आहेत. माणशी तेवीस किलो, असा विमानवाल्यांचा दंडक. आईने पहिल्याच दिवशी लोखंडी खलबत्ता आणून आत ठेवला. त्यावर येसराचा डबा, वसमतची हळद, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पीठ आणि तिने स्वतः शिवलेली वाकळ. भावाने वजनकाटा लावला आणि कपाळाला हात लावला. तुपाची बरणी तर त्याने हळूच बाहेर काढली. दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी बाहेरून युरोपात आणू नयेत, असा तिकडचा कायदा आहे म्हणे. आईला हे काही पटले नाही. "तुपानं कुणाचं काय वाईट झालंय?" असे ती दोन दिवस विचारत होती.

रात्री जेवणे झाल्यावर भाऊ मला म्हणाला, "दादा, तू इतक्या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितोस. आपले लोक पूर्वी परमुलखात जायचे तेव्हा तयारी तरी काय करीत? जरा सांग की."

मी शाळामास्तर. प्रश्न विचारला की उत्तर दिल्यावाचून चैन पडत नाही. त्यातून मी मॅट्रिकच्या पुढे गेलेला नाही, त्यामुळे थोडेसे ठाऊक असलेलेही फार उत्साहाने सांगतो. पण आमच्या कायद्यात एक गंमत आहे. १९८३ च्या प्रवासी कायद्याखाली काही ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाला सरकारची वेगळी परवानगी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. म्हणजे दुसऱ्या कशासाठी नसले तरी परदेशी जाण्यापुरता मी सरकारच्या लेखी पुरेसा शिकलेला आहे! गेलो मात्र कधी नाही. तेव्हा जे गेले त्यांच्याच गोष्टी मी त्याला सांगितल्या, आणि सांगता सांगता एक गोष्ट माझीच मला कळली. ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

सुरुवात अर्थात घरापासून केली. आमच्या आजोबांच्या पिढीला परदेश म्हणजे हैद्राबाद. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू, असा संसार. १९१८ साली हैद्राबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. हिंगोलीच्या मुलाला पुढे शिकायचे तर त्याने आधी जीभ बदलायची. त्या मुलांची खरी तयारी भाकरीच्या गाठोड्याची नव्हती, अलिफ-बे-पे ची होती. आणि १९३८ साली ह्याच विद्यापीठातील कित्येक विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल काढून टाकले, तेव्हा त्यांना नागपूर विद्यापीठाने आपल्यात घेतले. आपल्याच देशातले एक शहर सोडून दुसऱ्या शहरात आश्रयाला जावे लागले! परदेश हा नकाशावर किती कोस लांब आहे ह्यावर अवलंबून नसतो, हे आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना चांगले ठाऊक होते.

माझे आजोबाही काही वर्षे हैद्राबादेत नोकरीला होते. आजी इथेच, हिंगोलीला. तिला अक्षरओळख नव्हती. आजोबांचे पत्र आले की शेजारचे एक गुरुजी ते मोठ्याने वाचून दाखवीत, आणि ऐकायला निम्मी आळी जमे. त्यामुळे आजोबांच्या प्रत्येक पत्रात पाऊसपाणी, गुरेढोरे आणि थोरामोठ्यांना नमस्कार ह्यापलीकडे काही नसे. आजी एकदा मला म्हणाली होती, "तुझा आजा हैद्राबादेत उर्दू शिकला, पण मला वाचायला शिकवून गेला नाही." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. ह्या दसऱ्याला ते मला पुन्हा आठवले.

हिंगोलीपासून पाच-सहा कोसांवर कयाधूच्या काठी नरसी आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. रूढ कालगणनेप्रमाणे नामदेवांचा काळ १२७० ते १३५० हा. ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली, आणि त्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले, पंजाबात दीर्घकाळ राहिले, असे परंपरा सांगते. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा आमच्या भागातली पुष्कळ मंडळी गेली होती. परत आल्यावर जो तो सांगे की, तिकडे लोक आपल्या नामदेवांना आपल्याइतकेच आपले मानतात.

हे कसे घडले? शिंप्याच्या घरातला हा मनुष्य पंजाबात गेला, तेव्हा त्याने तेथल्या लोकांनी मराठी शिकावे असा हट्ट धरला नाही. तो त्यांची भाषा बोलू लागला, त्या भाषेत पदे रचू लागला. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. पण त्या परक्या भाषेतल्या पदांतही विठ्ठलाचे नाव येते. तिकडच्या उच्चाराप्रमाणे 'बीठल'. माझ्या मते परदेशी जाणाऱ्याने पहिला धडा घ्यावा तो हा. भाषा बदलली, अन्न बदलले, अंगावरचे वस्त्रही बदलले असेल. बदलले नाही ते एकच नाव. काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे हे ज्याचे आधीच ठरलेले असते, त्याला कुठेही गेले तरी फारसे हरवल्यासारखे होत नाही. जो सगळेच धरून ठेवू पाहतो तो दमतो, आणि जो सगळेच सोडतो त्याला पुढे काय सोडले हेही आठवत नाही.

पण नामदेवांच्या गाथेत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. आई गोणाई आणि बायको राजाई ह्यांच्या नावावरचे अभंगही तेथे आहेत. त्यांत तक्रार आहे: ह्याला देवाचे वेड लागले, पण घरी चूल कशी पेटायची? जाणाऱ्याची कीर्ती होते; मागे राहिलेल्याच्या वाट्याला चूल येते. सातशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आपल्या लोकांनी पुसून टाकली नाही, भक्तीच्या गाथेत जपून ठेवली, ह्याचे मला फार मोल वाटते.

भाऊ म्हणाला, "पण दादा, हे तर देशातल्या देशात. समुद्रापलीकडे?"

समुद्रापलीकडे जाणे म्हणजे जातीबाहेर जाणे, ही समजूत आपल्याकडे फार खोल होती. तरीही गरज पडली की लोक जातच. राघोबादादांनी आपले गाऱ्हाणे इंग्रजांच्या राजधानीत मांडण्यासाठी वकील पाठविले; ते १७८१ साली इंग्लंडात होते. त्यांत हणमंतराव नावाचा एक ब्राह्मण होता आणि त्याच्याबरोबर पारशी गृहस्थ होते. ह्या मंडळींच्या खाण्यापिण्याचे आणि सोवळ्याचे तिकडे भारी हाल झाले. तेव्हा एडमंड बर्क ह्या प्रसिद्ध मुत्सद्द्याने त्यांना आपल्या गावच्या घरी नेले आणि झाडे ठेवण्याच्या काचघरात त्यांना त्यांच्या रीतीने स्वयंपाक आणि पूजाअर्चा करू दिली. चोहोबाजूंनी काचा, बाहेर इंग्लंडचा पाऊस आणि आत आपला कोकणी किंवा देशस्थ वरणभात, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हणमंतरावाला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागले ते लागलेच. पण मला त्यात दिसतो तो बर्कचा शेजारधर्म. परमुलखात तुम्ही काय नेले ह्यापेक्षा तिथे तुम्हाला जागा करून देणारा कोणी आहे की नाही, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते.

हीच गोष्ट शंभर वर्षांनी एका मराठी मुलीने जाणूनबुजून केली. आनंदीबाई जोशी. तिचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर नसेल, पण तिने जाण्याची तयारी कशी केली हे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

आनंदीबाईचा जन्म १८६५ चा, माहेर कल्याणचे. नवव्या वर्षी लग्न झाले, नवरा टपालखात्यातला, वयाने पुष्कळ मोठा, बिजवर. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. स्त्रीला स्त्री डॉक्टर हवी, हे तिला तेव्हा कळले. गोपाळराव कोल्हापुरास असताना त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जाता येईल का अशी विचारणा एका मिशनऱ्याकडे केली. ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आले. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेले ते मासिक त्यांनी चाळले, पत्र वाचले, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरच्या त्या अनोळखी मुलीला चार ओळी लिहिल्या.

पुढची तीन वर्षे ही पत्रे चालली. बोटीने जाणारे पत्र, त्याचे उत्तर यायला महिनेच्या महिने. तरी त्या पत्रांतून एक नाते जडले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागली. तेव्हा लक्षात घ्या, ती अमेरिकेला निघाली त्याच्या आधीच अमेरिकेत तिचे एक घर झालेले होते. बोटीवर पाय ठेवण्यापूर्वी तिने तिकडे एक माणूस जोडले. माझ्या समजुतीप्रमाणे तिच्या साऱ्या तयारीत ही सर्वांत शहाणपणाची होती.

दुसरी तयारी लोकांसमोरची. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात तिने इंग्रजीतून भाषण केले. अजून अठरा पुरी झाली नव्हती. लोक जे प्रश्न पाठीमागे कुजबुजत होते ते तिनेच एकेक करून मांडले, एकूण सहा. अमेरिकेलाच का जायचे? ह्या देशात शिकण्याची सोय नाही का? एकटीनेच का जायचे? परतल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? संकट कोसळले तर काय करशील? आणि आजवर कोणत्या बाईने केले नाही ते तूच का करावेस? साऱ्यांना तिने उत्तरे दिली, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सांगितले. मी आमच्या शाळेत मुलांना नेहमी सांगतो की, उत्तरे देणे सोपे असते. आपल्याविरुद्धचे प्रश्न आपणच नीट मांडणे अवघड.

तिसरी तयारी घरगुती. मांसाहार करायचा नाही, साडी सोडायची नाही, हे तिचे ठरलेले होते. पण नऊवारीत पाय उघडे राहतात आणि तिकडे तर बर्फ. तिकडे ती गुजराथी पद्धतीने साडी नेसू लागली. साडी राहिली, नेसण बदलली. नामदेवांचा 'बीठल' आणि आनंदीबाईची ही साडी मला एकाच गोष्टीची दोन रूपे वाटतात.

७ एप्रिल १८८३ रोजी तिने कलकत्ता सोडले, ४ जूनला ती न्यूयॉर्कला पोहोचली. कार्पेंटरमावशी तिला घरी घेऊन गेल्या. ऑक्टोबरात तिचे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झाले. १८८५ सालचे तिचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानची केई ओकामी, सीरियाची साबत इस्लामबूली आणि आपली आनंदीबाई, तिघी आपापल्या देशच्या वेषात. ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली.

पण एवढी डोळस मुलगी दोन गोष्टींत कमी पडली, आणि त्यात तिचा दोष थोडा होता. पहिली, प्रकृती. कलकत्त्यास असतानाच तिचे डोके दुखे, ताप येई, अशक्तपणा वाटे; कार्पेंटरमावशी तिकडून औषधे पाठवीत, पण उतार पडत नसे. तिने स्वतःला विचारलेल्या सहा प्रश्नांत हे शरीर तिकडची थंडी सोसेल का, हा प्रश्न वेगळा असा नव्हता. पुढे फिलाडेल्फियात राहायला मिळाली ती खोली थंडगार. शेगडी पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. आहार अपुरा, अभ्यास अफाट. क्षयाने तिला गाठले.

दुसरी गोष्ट मागे राहिलेल्या नवऱ्याची. ज्या गोपाळरावांनी हट्टाने तिला शिकविले, पाठविले, तेच ती दूर गेल्यावर अस्वस्थ झाले. ती बदलेल, परकी होईल, अशी शंका त्यांच्या काही पत्रांतून डोकावते; टोमणे येतात, आणि इकडे आजारी, थकलेली ती मुलगी त्या पत्रांना उत्तरे लिहीत बसते. १८८५ मध्ये ते स्वतः अमेरिकेत पोहोचले. गोपाळरावांवर आजवर पुष्कळ टीका झाली आहे, त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. मला एवढेच दिसते की, आनंदीबाईने तीन वर्षे जाण्याची तयारी केली. गोपाळरावांनी राहण्याची तयारी एक दिवसही केली नाही. ती कुणी करायची असते हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

नोव्हेंबर १८८६ मध्ये ती परतली. ज्या समाजाची एवढी भीती होती, त्यातल्या पुष्कळांनी तिचे आदराने स्वागत केले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिची नेमणूक झाली होती. पण तिथे रुजू होणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली, बावीस पुरी होण्याआधी. तिची रक्षा कार्पेंटरमावशींकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. दाताच्या डॉक्टरकडे सुरू झालेले नाते शेवटपर्यंत गेले.

इथवर आलो तेव्हा माझी भावजय, जी इतका वेळ मुलांचे गरम कपडे घडी घालीत होती, ती म्हणाली, "भाऊजी, ह्या सगळ्या गोष्टींत मुलं कुठं आहेत?"

प्रश्न बिनतोड होता. आनंदीबाई निघाली त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, त्या दोन वर्षांच्या मनोरमेला बरोबर घेऊन. आनंदीबाईच्या पदवीदान समारंभालाही त्या हजर होत्या. रमाबाईंनी इंग्लंड-अमेरिकेत काय पाहिले, काय केले, ह्याविषयी त्यांनी स्वतः मराठीत पुस्तके लिहिली. पण पाच-सहा वर्षांच्या आत तीन खंड पाहिलेल्या त्या लहानग्या पोरीला काय वाटत होते, ते तिला कुणी विचारले असेल का? मोठी माणसे निर्णय घेतात, मुले सामानाबरोबर जातात. मुलांची तयारी करायची म्हणजे त्यांना निदान विचारायचे तरी.

आणि मुलांच्या मुलांचे काय होते, ह्याचेही दाखले आपल्याकडे आहेत. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापले, त्यांच्यामागून मराठी कुटुंबे तिकडे गेली. त्यांच्या वंशजांची कित्येक घरे आजही मराठी बोलतात. ती मराठी ऐकली तर आपल्याला आधी हसू येते, मग गहिवरून येते. पण त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचायला-लिहायला तमिळच येते. अक्षर गेले, बोल राहिला. उलट मॉरिशसची गोष्ट. १८३४ पासून त्या बेटावर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठीही होते. त्यांना कुणी तयारी करू दिली नाही. काय न्यायचे, काय ठेवायचे हे विचारायला त्यांच्यापाशी बॅगाच नव्हत्या. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या सोळा पायऱ्या चढून ते त्या बेटावर गेले. तो धक्का २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला आहे. घरातली मराठी पुढच्या पिढ्यांत बहुतेक ठिकाणी मागे पडली आणि तिची जागा तिथल्या क्रिओल बोलीने घेतली. पण गणपती राहिला, जाखडीचा नाच 'झाकरी' होऊन राहिला, आणि आज त्या देशात गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवतात.

म्हणजे काय टिकते? पेटीत बांधून नेलेले टिकत नाही. वर्षातून एकदा मिळून केलेले टिकते, आणि रोज घरात उच्चारलेले टिकते. नंतरच्या काळात शिकलेले मराठी लोक बाहेर गेले तेव्हा त्यांनीही हेच ओळखले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे, अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. गणपती बसवायला आणि दिवाळीला चार घरची माणसे एकत्र यायला एक जागा, एवढ्यासाठी तर हा सारा खटाटोप.

माझे सांगणे संपले. भावाने आपली वही उघडली. त्यात त्याची यादी होती, आणि ती शहाणपणाची होती हे मी कबूल करतो. जन्माचे आणि लग्नाचे दाखले, त्यांवर सरकारी शिक्के. मुलांच्या लसींची नोंद. जास्तीचे चष्मे. जाण्याआधी सगळ्यांची नीट तपासणी, दातांसकट. पोहोचताच तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवायचे, आरोग्याचा विमा घ्यायचा. मुलीच्या शाळेची चौकशी, कारण तिकडे पाच वर्षांपासून शाळा सक्तीची आहे. आनंदीबाईला ज्या थंडीने गाठले तिच्यासाठी भावजयीने लोकरीचे मोजे घेतले होते. त्या गावात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाशी तिने तीन महिन्यांपासून बोलणे सुरू केले होते. त्यांना ती ताई-दादा म्हणू लागली होती. मी मनात म्हटले, मावशी मिळाली.

"सगळं झालं ना?" मी विचारले.

आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुमचं समदं झालं. माझं काय? लेकरायला तिथली बोली आली की माझ्याशी कोण बोलायचं? मी फोनवर नुसती तोंडं बघू का?"

ओसरीत कुणी बोलेना. मला आजीचे वाक्य आठवले: मला वाचायला शिकवून गेला नाही. गोणाईची तक्रार आठवली. गोपाळराव आठवले. आठ दिवस आम्ही जाणाऱ्यांच्या बॅगा भरत होतो. राहणारीची बॅग कुणीच उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिची तयारी सुरू केली. सात वर्षांच्या पुतणीने आजीला फोन लावायला शिकवले. आजी चुकली की ती माझ्यासारखीच डोळे वटारते. वेळ ठरली: रविवारी सकाळी मुले उठली की, म्हणजे आपल्याकडची दुपार. आईने अट घातली की, त्या घटकेत मराठीशिवाय एक शब्द चालणार नाही, आणि बदल्यात दर आठवड्याला तीही तिकडचा एक शब्द शिकेल. पहिला शब्द तिने आताच पाठ केला आहे, 'दांक यू', म्हणजे आभारी आहे. शेजारपाजाऱ्यांवर तिचा प्रयोग चालू आहे.

मग एक दुपार मी शाळेतून आलो तर ओसरीत आजी सांगत होती आणि नात लिहीत होती. शंभर पानी वही, वर मोठ्या अक्षरांत 'आजीचे येसर'. गहू किती, हरभऱ्याची डाळ किती, धने किती, कशावर किती भाजायचे. मापे सगळी आईची: ओंजळ, मूठ, चिमूट. "नाकाला वास लागला की उतरवायचं," असेही त्यात लिहिलेले होते. पोरीने 'ओंजळ' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता. वीस वर्षांची मास्तरकी. हात आपोआप लाल पेनाकडे गेला. पण तो मी आवरला. वही तशीच राहू दिली.

आईने स्वतः उठून बॅगेतला लोखंडी खलबत्ता बाहेर काढला आणि त्या जागी ती वही ठेवली. भावाने काटा लावला. म्हणाला, "आई, आता वजन बसलं."

खलबत्ता पुन्हा स्वयंपाकघरात आपल्या जागी गेला आहे. मुले परत येतील तेव्हा त्यात येसर कुटायचे, असे आईचे आणि नातीचे ठरले आहे.